विनोद पडला, की ऐकूच आला नाही?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पैसे घेऊन माणसं मारणाऱ्या इसमावर काळ्या विनोदाचा, हाणामारीचा चित्रपट आला की आपल्या पुरवणीत वाचकांची मतं छापून येतात. आम्ही ती नेमाने वाचतो. बहुतेक मतं चार-पाच ठरलेल्या वाक्यांत बसतात: ‘विनोद जमला नाही’, ‘आवाजाने डोकं उठलं’, ‘रक्त फार’, ‘सुपारी घेणाऱ्याला हिरो केला’, ‘घरच्यांबरोबर बघवत नाही’. मतं प्रामाणिक असतात आणि तिकिटाचे पैसे मोजणाऱ्याला ती मांडायचा पुरता हक्क आहे. पण त्यांत चित्रपटाचा दोष, थेटराचा दोष आणि डबिंग किंवा काटछाट केलेल्या आवृत्तीचा दोष एकमेकांत मिसळतात आणि सगळा बोल दिग्दर्शकाला लागतो. कौटुंबिक चित्रपटात हे फारसं बिघडत नाही. मारेकऱ्याच्या विनोदी चित्रपटात मात्र बिघडतं, कारण तिथे धडाड् आवाज आणि पुटपुटलेलं वाक्य एकमेकांना खेटून असतात. प्रदर्शनात जरा चूक झाली की हाणामारी शाबूत राहते आणि विनोद जातो.

आवाजापासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त अन्याय तिथे होतो. गोळीबार झाला, काच फुटली, गाडी आदळली की लगेच कोणीतरी तोंडातल्या तोंडात एक वाक्य टाकतो आणि हशा त्या वाक्यावर असतो. ध्वनिमिश्रण करणारा तंत्रज्ञ ही चढ-उतार मुद्दाम ठेवतो. मिश्रणाच्या खोलीत डॉल्बी प्रोसेसरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची कळ, ७ वर असतो. ७ म्हणजे पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरला ठरवून दिलेली ८५ डेसिबलची पातळी. थेटरातही फेडर ७ वर असला तर तंत्रज्ञाने जे ऐकलं तेच आपण ऐकतो. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी तो ५ च्या आसपास ठेवलेला असतो. ७ पासून ४ पर्यंत खाली येताना दर पूर्ण आकड्याला सव्वातीन डेसिबलच्या थोडं वर घट होते, म्हणजे ५ वर साडेसहा डेसिबल गेले. गोळीबार त्याने थोडा दबतो, पण तरीही ऐकू येतोच. पुटपुटलेलं वाक्य मात्र एसीच्या घरघरीत, पॉपकॉर्नच्या कागदात आणि मागच्या रांगेतल्या कुजबुजीत बुडतं.

फेडर खाली येतो तो बहुधा प्रेक्षकांच्याच तक्रारीने. जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात, कोणी उठून बाहेर सांगतो, कर्मचारी आवाज कमी करतो आणि मूळ चित्रपट सुरू झाल्यावर तो परत वर न्यायचा राहून जातो. म्हणून एकाच खेळाला बसलेला एक वाचक ‘आवाज असह्य’ लिहितो आणि दुसरा ‘संवाद कळले नाहीत’ लिहितो, आणि दोघंही खरं सांगत असतात. फरक ओळखायचा साधा मार्ग आहे. संवाद स्पष्ट आहेत आणि गोळीबार कानाला टोचतो, तर मिश्रणच तसं केलेलं आहे; दोष चित्रपटाचा. संवाद आणि गोळीबार दोन्ही दबलेले, तर फेडर खाली आहे. संवाद पोकळ किंवा एका बाजूने येतात आणि संगीत मात्र भरभरून वाजतं, तर पडद्यामागचा मधला स्पीकर बिघडला आहे, कारण संवाद बहुधा त्यातूनच येतात. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर जाऊन ड्युटी मॅनेजरला ‘फेडर किती आहे?’ एवढं विचारावं. आकडा विचारणाऱ्या प्रेक्षकाची तक्रार टाळता येत नाही.

आपल्याकडे नाट्यगृहांतही चित्रपट दाखवले जातात आणि ती चांगली गोष्ट आहे. गावोगावच्या रसिकांना एरवी पणजी-मडगावच्या मल्टिप्लेक्सपर्यंत यावं लागतं. पण नाट्यगृह नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून बांधलेलं असतं, तिथे आवाज जरा जास्त वेळ घुमतो. चित्रपटाला उलट कोरडी खोली लागते. त्यातून पडदा अखंड कापडाचा, त्याला भोकं नसतात, म्हणून मधला स्पीकर पडद्यामागे ठेवता येत नाही. कित्येकदा मधला स्पीकर नसतोच. लॅपटॉपवरून ५.१ ध्वनीची (सहा वेगळ्या चॅनलांची) फाइल लावलेली, पुढे डावा-उजवा असे दोनच स्पीकर, आणि प्लेअरमध्ये ‘स्टीरिओ डाउनमिक्स’, म्हणजे सगळे चॅनल दोन स्पीकरांत मिसळणारा पर्याय, चालू केलेला नाही. मग काय होतं? संवाद राहतात मधल्या चॅनलमध्ये आणि तो चॅनल कुठेच वाजत नाही, किंवा अगदी हलका वाजतो. बाजूच्या चॅनलमधलं संगीत आणि गोळ्या मात्र पुऱ्या ताकदीने येतात. आयोजकांनी खेळाच्या तासभर आधी एक संवादाचं दृश्य लावून शेवटच्या रांगेत उभं राहून ऐकावं, डाउनमिक्स तपासावं आणि रंगमंचावरचे बाजूचे व मागचे जाड पडदे ओढून घ्यावेत. पडद्यांनी घुमणं बरंच खाली येतं. पावसाळ्यात पत्र्याचं छप्पर असलेल्या सभागृहात मात्र असा चित्रपट लावूच नये; जुलैच्या सरीत पुटपुटलेलं वाक्य ऐकवणारी यंत्रणा नाही.

घरी टीव्हीवर बघणाऱ्यांचंही हेच. ओटीटी ॲपमध्ये ध्वनीच्या पर्यायांत ५.१ आणि स्टीरिओ असे दोन प्रकार दिसत असतील आणि घरी फक्त टीव्हीचेच स्पीकर असतील, तर स्टीरिओ निवडावं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘नाइट मोड’ किंवा संवाद उठावदार करणारा पर्याय असतो, तो चालू करावा. हातात रिमोट धरून दर गोळीबाराला आवाज कमी आणि दर संवादाला वाढवत बसलात, तर विनोदाची लय तुमच्याच हाताने तुटते आणि त्याचा दोष चित्रपटावर लादणं बरोबर नाही.

आता हशाकडे. गोव्याचा मराठी प्रेक्षक या बाबतीत कच्चा नाही. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धा आणि जत्रेतली नाटकं बघत वाढलेल्या माणसाला हशा कसा घेतात, वाक्य कसं पडतं आणि आधीच्या हशात पुढचं वाक्य कसं बुडतं हे शिकवावं लागत नाही. रंगमंचावरचा नट हशा ओसरेपर्यंत थांबतो. चित्रपटातला नट थांबू शकत नाही. ते थांबणं संकलकाला आधीच मोजून ठेवावं लागतं. सेकंदाला २४ फ्रेम असतात. मारेकरी चाप ओढतो, ‘टक’ असा आवाज येतो, गोळी नाही. तो पिस्तुलाकडे बघतो. समोरचा माणूस पिस्तुलाकडे बघतो. मग दोघं एकमेकांकडे बघतात. पहिल्या नजरेला एक सेकंद पुरतो, दुसरी त्याहून अर्धी हवी आणि तिसरी लांब, कारण हशा तिथे फुटणार आहे आणि त्यावर पुढचं वाक्य पडता कामा नये. दुसरी नजर दहा फ्रेम जास्त राहिली तर प्रेक्षक पुढचं ओळखतो. तिसरी दहा फ्रेम कमी पडली तर पुढचं वाक्य हशात जातं. याच जागी पार्श्वसंगीतात ‘टुंईंग’ असा विनोदी सूर टाकला, तर दिग्दर्शकाला आपल्या दृश्याचा भरवसा नव्हता असं खुशाल समजावं. ‘विनोद जमला नाही’ असं ज्यांना लिहायचं आहे त्यांनी अशी एखादी जागा नेमकी सांगावी, म्हणजे दहा शब्दांत पूर्ण परीक्षण होतं.

डबिंग ही शांतताच खातं. मूळ चित्रपटात मारेकरी पाठमोरा उभा आहे, गप्प आहे, आणि त्या गप्प राहण्यातच गंमत आहे. डबिंगचा लेखक ओठ दिसत नाहीत अशी जागा शोधतच असतो, कारण तिथे ओठांच्या हालचालीचं बंधन नाही. प, ब, म आला की तोंड मिटलेलं दिसायला हवं ही अट पाठमोऱ्या माणसाला लागू नाही. मग तिथे एक जादा टोमणा भरला जातो. हिंदी डब बघून आलेला वाचक ‘विनोद थिल्लर आहे’ लिहितो आणि मूळ भाषेत बघितलेला ‘विनोद फार कोरडा आहे’ लिहितो. दोघांनी दोन वेगळे चित्रपट बघितलेले असतात.

उपशीर्षकांची गोष्ट याहून बारीक आहे. २००४ पासून इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) गोव्यात होऊ लागल्यावर इथल्या प्रेक्षकाला उपशीर्षकं वाचत कोरियन, फ्रेंच, मल्याळम चित्रपट बघायची सवय लागली, पण ती कशी असावीत याबद्दल क्वचितच कोणी लिहितं. इंग्रजी उपशीर्षकाच्या एका ओळीत साधारण ४२ अक्षरं आणि फार तर दोन ओळी असाव्यात, असा सर्वसाधारण दंडक आहे. माणूस आरामात वाचतो ती गती सेकंदाला १७ अक्षरांच्या आसपास. म्हणजे दोन भरलेल्या ओळींना पाच सेकंद हवेत. मारेकरी ते वाक्य दोन सेकंदांत झाडून मोकळा होत असेल तर अनुवादकाने वाक्य छाटायला हवं. छाटताना तो नेमकं काय टाकून देतो, त्यावर विनोद टिकतो की जातो हे ठरतं. दुसरी चूक जास्त घातक असते. ‘मी बायका-मुलांना हात लावत नाही’, मग विराम, मग ‘पैसे आगाऊ मिळाले नाहीत तर’. हे दोन्ही तुकडे एकाच पाटीवर आले की वाचणारा आधीच हसतो आणि नट शेवटचं बोलतो तेव्हा सभागृह गप्प. उपाय साधा आहे: विरामाच्या जागी पाटी तोडून दोन करायच्या. नटाच्या तोंडून वाक्य यायच्या आधी सभागृहात हशा आला, तर दोष पाटीचा समजावा.

याच जागेवर आणखी एक अडथळा येतो. मारेकऱ्याच्या चित्रपटात सिगारेट ओढणं बहुधा असतंच आणि पडद्यावर धूर दिसला की तळाशी आरोग्याचा इशारा लागतो. तंबाखूविरोधी नियमांप्रमाणे सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर किमान ३० सेकंदांच्या चित्रफिती, २० सेकंदांचं निवेदन आणि दृश्य चालू असेपर्यंत स्थिर इशारा अशी ती व्यवस्था आहे; १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीलाही तसे नियम लागू झाले. नियमाचा हेतू योग्य आहे, त्याला आमची काडीचीही हरकत नाही. पण निर्मिती आणि वितरण करणाऱ्यांनी हा इशारा उपशीर्षकावर चढणार नाही अशी जागा निवडायला हवी. अंधाऱ्या दृश्यात पांढरी पाटी एकदम उजळली की प्रेक्षकाला सिगारेट पेटायच्या आधीच चाहूल लागते आणि दाराआड कोणीतरी उभं असल्याचा धक्का निसटतो.

मध्यंतराचंही असंच. आपल्या चित्रपटांत मध्यंतर लिहितानाच ठरलेलं असतं. परदेशी चित्रपटात ते नसतं. तिथे थेटरातला माणूस प्लेलिस्टमध्ये एक वेळ टाकतो आणि चित्र तिथे थांबतं. पावणेदोन तासांच्या चित्रपटात बावन्नाव्या मिनिटाला खटका ओढला आणि तिथे मारेकरी नुकताच डिकीत काहीतरी ठेवून झाकण लावत होता, तर ती डिकी पुन्हा उघडेपर्यंत प्रेक्षक समोसे खाऊन आलेला असतो. ‘दुसरा भाग रेंगाळतो’ या मताच्या मुळाशी कितीदा तरी ही तुटलेली गाठ असते. पहिल्या खेळाच्या आधी वीस मिनिटं खर्चून दृश्य जिथे खरोखर संपतं अशी जागा शोधता येते. काही व्यवस्थापक ते करतात, आणि फरक लगेच जाणवतो.

बंदुका खोट्या वाटतात, अशी तक्रार अलीकडे वाढली आहे. ती नीट समजून घ्यावी. १९९३ मध्ये अमेरिकेत अभिनेता ब्रँडन ली चित्रीकरणादरम्यान मृत्यू पावला: बनावट काडतुसातलं गोळीचं टोक नळीत अडकून राहिलं होतं आणि नंतर कोरं काडतूस झाडल्यावर ते बाहेर फेकलं गेलं. कोऱ्या काडतुसात गोळी नसते पण दारू असते, त्यामुळे पुढे जे काही असेल ते सुटतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत चित्रीकरणाच्या जागी खरी गोळी सुटून छायाचित्रणकार हलिना हचिन्स यांचा जीव गेला. त्यानंतर अनेक निर्मात्यांनी कोरी काडतुसंसुद्धा बंद करून वायूवर चालणाऱ्या नकली पिस्तुलाला संगणकावर ज्वाला जोडायला सुरुवात केली. ज्वाला थोडी खोटी दिसली म्हणून गुण कापू नयेत असं आम्हाला मनापासून वाटतं. कोणाच्या जिवापेक्षा ज्वाला मोठी नाही. गुण कापायचे तर नटाच्या अंगावर कापा. पिस्तूल उडाल्यावर मनगट मागे येत नसेल, खांदा हलत नसेल, डोळ्याची पापणी लवत नसेल, तर ती कसर संगणकाने भरून निघत नाही.

शस्त्रांच्या चुका मात्र जरूर दाखवाव्यात, कारण मारेकरी त्याच्या धंद्यात वाकबगार आहे हे पटलं तरच त्याची फजिती हसवते. सायलेन्सर लावल्यावर पिस्तूल ‘फुस्’ असा आवाज करत नाही. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाचा आवाज १६० डेसिबलच्या घरात असतो. सायलेन्सरने तो तीसएक डेसिबलने कमी होतो, म्हणजे शेजारच्या खोलीत ऐकू येण्याइतका उरतोच. गोळी ध्वनीहून वेगाने जात असेल तर तिचा कडाड् आवाज वेगळाच होतो. साध्या रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावून फारसा उपयोग नाही, कारण दंडगोल आणि नळी यांच्या फटीतून आवाज निसटतो. धमकी देताना दर वेळी पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) खटकन मागे ओढणं हीही पडद्यावरची जुनी खोड: आधीच गोळी भरलेली असेल तर अशा ओढण्याने ती न झाडलेली गोळी बाहेर पडेल. काळ्या विनोदाचा दिग्दर्शक हुशार असेल तर याच गोष्टी विनोदासाठी वापरतो: सायलेन्सर लावूनही सगळी इमारत जागी होते, गोळ्या मोजलेल्या असतात आणि नेमक्या शेवटच्या माणसापाशी संपतात.

मढं उचलण्याचं दृश्य या प्रकारातली खरी परीक्षा असते. सत्तर किलोचं निर्जीव शरीर जिवंत माणसासारखं उचललं जात नाही. ते मधोमध लोंबतं, हात घसरतात, जिन्याच्या वळणावर वरच्या माणसाला वाकावं लागतं आणि खालच्यावर सगळा भार येतो. चित्रीकरणात हलका पुतळा वापरला आणि दोन्ही नट नुसते ‘हुश्श’ करत राहिले, तर प्रेक्षकाला का ते कळत नाही पण दृश्य खोटं लागतं. पुतळ्याच्या कमरेत आणि मांड्यांत वाळूचं वजन भरलं की नटांची पावलं आपोआप बदलतात, श्वास बदलतो, वाक्यं तुटक होतात. दृश्य लांब अंतरावरून, न तोडता दाखवलं तर हशा अधिक येतो, कारण पूर्ण जिना, दोन जिवंत माणसं आणि एक मृत, सगळं एका चौकटीत दिसतं. दर दोन सेकंदांनी चेहऱ्यावर गेलेला कॅमेरा इथे मारक ठरतो.

रक्ताबद्दल थोडंसं. पडद्यावरचं रक्त बहुधा साखरेचा घट्ट पाक आणि खायचा लाल रंग यांचं असतं. नुसता लाल रंग पांढऱ्या सदऱ्यावर गुलाबी दिसतो, म्हणून त्यात निळ्याचा थेंब किंवा थोडा कोको घालतात. कपड्याखाली छोटा स्फोटक तुकडा आणि रक्ताची पिशवी बसवली की दर टेकला नवा सदरा लागतो. खर्च वाचवायला हल्ली रक्त संगणकावर काढतात. ते हवेत उडतं आणि नाहीसं होतं. भिंतीवर डाग राहत नाही, पुढच्या शॉटमध्ये बाही कोरडी. ‘रक्त फार’ असं लिहिणाऱ्या वाचकाला पुष्कळदा खरं खटकलेलं असतं ते हे: रक्त उडालं, पण कोणाला पुसावं लागलं नाही. चांगल्या काळ्या विनोदात पुसणं दाखवतात. मारेकरी गुडघ्यावर बसून फरशीच्या सांध्यातला डाग खरवडतो आणि तेवढ्यात दारावर कोणीतरी येतं.

भीती आणि हसू एकत्र आले की काही वाचकांना ते परकं, बाहेरून आलेलं वाटतं. पेडण्याच्या दशावतारातला संकासुर आठवावा. काळा वेष, लांब लाल जीभ, लहान मुलं आईच्या पदराआड लपतात, आणि तोच गावच्या बोलीत लोकांना पोट धरून हसवतो. वेद चोरणारा असुर आहे तो, विष्णूकडून मरणार आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. हसवून झाल्यावर तो मरतो. त्याच्या दुष्टपणाला कोणी डोक्यावर घेत नाही, आणि त्याच्यावर हसलो म्हणून कोणाला अपराधी वाटत नाही. मारेकऱ्याच्या चित्रपटाला हीच कसोटी लावता येईल. हसू कोणावर आहे ते बघावं. मारेकऱ्याच्या अहंकारावर, त्याच्या दरपत्रकावर, मेलेल्याचा पत्ता चुकीचा निघाल्यावर, पैसे बुडवणाऱ्या सुपारीदारावर हसू असेल तर चित्रपट आपल्या जागी आहे. मरणाऱ्याच्या विव्हळण्यावर, त्याच्या गरिबीवर, जातीवर, लठ्ठपणावर हसू असेल तर तो चित्रपट हलकट आहे आणि तसं स्पष्ट शब्दांत लिहावं.

‘हिरो केला’ या आक्षेपाला कायद्याच्या भाषेतही जागा आहे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली ६ डिसेंबर १९९१ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हिंसेचं उदात्तीकरण किंवा समर्थन नको, गुन्हेगारांची कार्यपद्धती दाखवू नये असं म्हटलं आहे. त्याच सूचनांत चित्रपट एकूण परिणामाच्या दृष्टीने तपासावा असंही म्हटलं आहे. वाचकांनी हे दुसरं कलमही लक्षात घ्यावं. एका दृश्यात मारेकरी रुबाबदार दिसला म्हणून उदात्तीकरण झालं असं ठरत नाही. मेलेल्याला नाव आहे का, त्याची वाट बघणारं कोणी दाखवलं आहे का, शेवटी मारेकऱ्याने काय गमावलं, हे बघून मत बनवावं. एरवी सभ्य वाटणाऱ्या कितीतरी हाणामारीपटांत शंभर माणसं मरतात आणि एकाचंही नाव कळत नाही. त्यांच्यावर असा आक्षेप आलेला आमच्या वाचनात फारसा नाही.

‘घरच्यांबरोबर बघवत नाही’ याचं उत्तर तिकीट काढण्याच्या आधीचं आहे. ‘ए’ प्रमाणपत्र म्हणजे १८ वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’ चे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. ‘यूए’ त बंदी नसते, पालकांना सल्ला असतो. मारेकऱ्याचा विनोदी चित्रपट ‘यूए १६+’ असेल आणि नववीतला मुलगा सोबत नेला असेल, तर निर्णय पालकांचा होता. मात्र ‘ए’ ऐवजी ‘यूए’ मिळवण्यासाठी निर्माता शिव्या मुक्या करतो, त्याची किंमत विनोद मोजतो. शिवी हाच वाक्याचा शेवट असेल आणि ती गाळताना त्या अर्ध्या सेकंदातला पावसाचा किंवा पंख्याचा आवाजही गेला, तर कानाला खड्डा जाणवतो. तोच चित्रपट ओटीटीवर वेगळ्या स्वरूपात असू शकतो. थेटरात बघितलेल्याने आणि घरी बघितलेल्याने एकमेकांना खोटं ठरवू नये.

गोव्यात घडणाऱ्या अशा चित्रपटांविषयी एक गोष्ट लिहायला हवी. पणजीतल्या फोंताइन्यासच्या गल्लीत शिरलेली गाडी पुढच्याच वळणावर दूरच्या जुन्या गोव्यात निघाली, की वाचक रागावून लिहितात. राग समजतो, पण चित्रीकरणात जागा जोडणं ही सगळीकडची रीत आहे आणि कथा वेळेवर अवलंबून नसेल तर तो दोष लहान आहे. मोठा दोष निराळा. मारेकरी पोलिसांना चुकवत नदीपलीकडच्या चोडण बेटावर पळायचं म्हणतो आणि फेरीबोट त्याच्यासाठी जणू थांबूनच असते. रायबंदरच्या धक्क्यावर रांगेत उभं राहायला लागतं, स्कूटर पुढे, गाड्या मागे, आणि बोट पलीकडच्या काठावर असेल तर ती येईपर्यंत काहीच करता येत नाही. मासळीची टोपली घेतलेल्या बाईच्या बाजूला, हातात पिस्तुलाची बॅग धरून, घामाने थबथबलेला मारेकरी बोटीची वाट बघतोय: हे दृश्य फुकट पडलेलं आहे. गोव्याला नुसता मागचा देखावा करणाऱ्या दिग्दर्शकाला ते दिसत नाही, आणि वाचकांचा राग इथे उमटायला हवा.

महोदय, आपल्याला एक विनंती. वाचकांची मतं छापताना प्रत्येकाकडून तीन गोष्टी मागून घ्याव्यात: चित्रपट कुठल्या भाषेत बघितला (मूळ, डब की उपशीर्षकांसह), कुठे बघितला (थेटर, नाट्यगृह की घर), आणि ज्या दृश्याने हसू आलं किंवा गेलं ते एखादं दृश्य. थेटराचं नाव छापायची गरज नाही. प्रकार कळला तरी पुरे. मतामागे एक ओळ वाढेल. पण शनिवारी तिकीट काढायला निघालेल्या वाचकाला डब टाळावा की नाही, मुलांना न्यावं की नाही, घरी बघितलं तर चालेल का, एवढं त्या ओळीतून कळेल. आणि थेटर चालवणाऱ्यांनी ती मतं वाचली, तर त्यांनाही आपला फेडर एकदा तपासून बघता येईल.

कळावे,

आपले नम्र,
चित्रपटांचे खेळ आयोजित करणारे काही रसिक
फोंडा, गोवा